वैजूची सात वर्षं

वैजूने मला पहिल्यांदा मारलं तेव्हा आमची ओळखही झालेली नव्हती. मी मैदानाच्या कडेला वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि मागून पाठीत असा दणका बसला की मी दोन पावलं पुढे गेले. वळून पाहिलं तर रुंद खांद्यांची, सावळी, केस घट्ट आवळून बांधलेली एक मुलगी माझ्या पायांकडे बघत उभी होती.

"मातीत बूट घालून खेळणार हायेस? काढ ते," ती म्हणाली.

नवीन मुलगी आली की वैजू तिला पाठीत मारून ती किती हलते ते बघायची. कमी हलली तर पकडीला, जास्त हलली तर चढाईला. मी इतकी हलले की माझी रवानगी थेट राखीव खेळाडूंच्या बाकावर झाली आणि पुढची सहा वर्षं मी बहुतेक तिथेच बसून काढली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला वैजूताई म्हणायचे. इथे वैजूच म्हणते, कारण हे वाचायला तिला सवड नाही, आणि असती तरी ती मला एक ठेवून द्यायला एवढ्या लांब येणार नाही.

डोंबिवलीत पूर्वेला आमच्या इमारती संपतात तिथे एक जुनं आगरी गाव आहे. गाव म्हणजे आता एक देऊळ, एक तळं, चाळीसेक घरं आणि मधलं मैदान. मी तिथे गेले ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव लागलं की टक्का वाढतो, असं कुणीतरी माझ्या वडिलांना ऑफिसात सांगितलं होतं. कबड्डीशी माझा संबंध एवढाच. वैजूचा मात्र दुसऱ्या कशाशीच संबंध नव्हता. ती डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. समोरून चढाईला येणारीच्या चेहऱ्याकडे ती कधी बघायची नाही. "तोंड खोटं बोलतं," म्हणायची. घोटा हातात आला की ती सोडायची नाही, मग वरून चार जणी अंगावर पडोत नाहीतर मैदानाची चुन्याची रेघ तोंडात जावो.

माझी हनुवटी तिनेच फोडली. सरावात मी हिरिरीने चढाईला गेले, तिने घोटा धरून मला मागे खेचलं आणि मी जमिनीवर तोंडघशी आदळले. तीन टाके पडले. संध्याकाळी ती मातीच्याच कपड्यांत आमच्या तिसऱ्या मजल्यावर हजर झाली. आई तिला फैलावर घ्यायच्या तयारीत दार उघडायला गेली.

"काकी, चूक हिची हाय. हनुवटी वर ठेवायला सांगितलेली मी," वैजू आत येत म्हणाली. "आणि हिला नुसता भात नका देऊ."

आई चहा ठेवायला गेली. चहा निवला तरी वैजूचं लक्ष नव्हतं, कारण तिने माझं दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडलं होतं. एक तास ती ते वाचत बसली. तिची स्वतःची दहावी दोन वर्षांपूर्वीच झाली होती, म्हणजे तेच पुस्तक तिने एकदा वाचलेलं होतं. निघताना माझ्या टाक्यांविषयी एक शब्द न बोलता तिने विचारलं, "हे पुढे काय झालं ते कुठल्या पुस्तकात हाय?" आई तेव्हापासून तिच्या बाजूची झाली. मला तीन टाके पडले याचं तिला फारसं काही राहिलं नाही.

वैजूचं एक वाक्य मी अजूनही वापरते. कुणी रडायला लागलं की ती म्हणायची, "रड, पण आंघोळ करताना. पाणी तेवढंच लागतं." मी एकदा ऑफिसात एका मुलीला हे सांगितलं तर ती आणखीच रडली. वैजूच्या तोंडून ते ऐकताना रडू थांबायचं, कारण न थांबलं तर ती मारायची.

मारणं तिला वारशाने मिळालं होतं. तिचा चुलता, ज्याला सगळं गाव अण्णा म्हणायचं, तोच आमचा प्रशिक्षक. वैजूचे वडील ती लहान असतानाच वारले, तेव्हापासून ती आणि तिची आई अण्णाच्याच घरात. अण्णा माणूस म्हणून कसा होता हे मला आजही धड सांगता येत नाही. गावात मुलींचा संघ त्याने काढला तेव्हा मुलींच्या हाफपँटीवरून दोघेजण मोठ्याने हसले होते. अण्णाने त्यांना देवळामागे नेऊन इतकं बडवलं की नंतर आमच्याकडे बघताना गावातली माणसं आधी अण्णा कुठे आहे ते बघायची. मग तोच अण्णा आम्हाला मारायचा. पाण्याच्या हिरव्या नळीचा हातभर तुकडा त्याच्या हातात असायचा आणि तो पोटऱ्यांवर बसायचा. वैजूला इतरांच्या दुप्पट, कारण ती घरची. तिच्या पोटऱ्यांवर आडवे काळे वळ कायमचे होते. आम्हाला ते दिसायचे आणि आम्ही त्याबद्दल काही बोलायचो नाही, ह्याची मला आता लाज वाटते.

अण्णाच्या घरात एक लोखंडी कपाट होतं. आमच्या कबड्डी मंडळाकडून खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचा शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला त्या कपाटात जायचा. कारण सांगितलं जायचं की स्पर्धेत वयाचा पुरावा लागतो. खरं कारण म्हणजे दाखला अण्णाकडे असला की मुलगी दुसऱ्या मंडळात जाऊ शकत नाही, आणि अण्णाला विचारल्याशिवाय दुसरीकडे कुठेच जाऊ शकत नाही. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला असायची. आम्हाला कुणालाच ह्यात काही वावगं वाटायचं नाही. माझ्या वडिलांनी मात्र पहिल्याच आठवड्यात दाखल्याची झेरॉक्स पाठवली आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये असल्याची थाप मारली. अण्णा सरकारी नोकरीतल्या माणसाशी वाद घालायचा नाही. मी वेळेवर कॉलेजात गेले त्यात माझी हुशारी काही नव्हती, वडिलांची ती थाप होती.

वैजू बारावीला एकाहत्तर टक्के मिळवून पास झाली. सराव, स्पर्धा आणि मोडलेल्या बोटाने लिहिलेले दोन पेपर धरून. तिच्या वर्गातल्या मुली कॉलेजचे फॉर्म आणायला गेल्या, तशी तीही गेली. फॉर्म भरला आणि दाखला मागायला अण्णासमोर उभी राहिली.

"यंदा राज्य स्पर्धा हाय," अण्णा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू. कॉलेज काय पळून जातंय?"

राज्य स्पर्धा झाली. पुढच्या वर्षी दुसरी स्पर्धा होती. त्याच्या पुढच्या वर्षी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागणार होती, ती लागली की "बाहेरून कर ना बीए, कोण नको म्हणतंय." नोकरी दुसऱ्या मंडळातल्या मुलीला लागली. दर जूनमध्ये वैजू आमच्याकडे यायची, कॉलेजचं माहितीपुस्तक मागून घ्यायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि घडी न मोडता परत करायची. तिच्या बरोबरीच्या मुली पदवीधर झाल्या. मग मी झाले. प्रवेश बंद झाले की जुलैत ती कुणाला तरी हमखास मारायची. आमच्यात नवीन आलेल्या मुलींना आम्ही आधीच सांगून ठेवायचो की जुलैत हिच्या वाटेला जाऊ नका.

विठ्ठलवाडीचा प्रकार असाच एका जुलैतला. पत्र्याच्या छपराखालचं मैदान भरलं होतं, माणसं दोरीला चिकटून उभी होती. आमच्यातली सर्वात लहान मुलगी, सोळा वर्षांची, बाद होऊन बाहेर येत असताना गर्दीतल्या एकाने तिच्या मांडीवर हात फिरवला. पोरगी नुसती थिजली. वैजू खेळत होती, आम्ही चार गुणांनी पुढे होतो. तिने खेळ सोडला, दोरी ओलांडली आणि त्या माणसाच्या तोंडावर कपाळ हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी बाकावरून ऐकला. तो खाली बसला तरी ती थांबली नाही. त्याचा तोच हात तिने मनगटाशी धरला आणि असा पिरगाळला की तो लहान मुलासारखा ओरडायला लागला. चौघांनी मिळून तिला ओढून काढलं. तिच्या कपाळावर रक्त होतं आणि ते तिचं नव्हतं.

चौकीत तिच्यावर अदखलपात्र तक्रार नोंदवली गेली. त्या माणसावर काहीच नाही, कारण त्याला आधीच पुरेसं लागलं आहे, असं तिथल्या साहेबांचं मत पडलं. सामना आम्ही हरलो असं जाहीर झालं. चौकीच्या पायऱ्यांवर अण्णाने सगळ्यांदेखत वैजूच्या दोन थोबाडीत दिल्या. "चार गुणांनी पुढे होतो," एवढंच तो म्हणाला. ती हलली नाही. सोळा वर्षांची पोरगी माझा हात धरून उभी होती आणि मी तिला म्हणत होते, बघू नकोस. मी स्वतः मात्र बघत होते. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर मला वैजूचा अतोनात अभिमानही वाटत होता.

गुडघा गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. एक चढाई तिने एकटीने अडवली, वरून तिघी आल्या, पाय खाली अडकला आणि भलत्याच दिशेला वळला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण खेळणं विसरा. अण्णाने आठवड्याभरात डाव्या कोपऱ्यात दुसरी मुलगी उभी केली आणि वैजूला लहान मुलींचा सराव घ्यायला सांगितलं. ते तिला फार छान जमलं. नळीच्या तुकड्याला तिने हात लावला नाही, पाठीत मात्र मारायची. जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका तो सराव बघायला आल्या आणि त्यांनी वैजूला भेटायला बोलावलं. त्यांना खेळाची शिक्षिका हवी होती. सगळं बोलणं होत आलं आणि त्यांनी विचारलं, "पदवी कुठली?" वैजू उठून घरी आली.

त्यानंतर ती मला तळ्याच्या पायरीवर भेटली. मी तेव्हा ठाण्याला नोकरीला लागले होते. पायरीवर दुखरा पाय लांब करून ती बसली होती.

"खेळ शिकवायचा कोर्स करायला आधी बीए लागतं," ती म्हणाली. "आता गेले तर वर्गातली पोरं अठरा वर्षांची असतील. मी पंचवीस. पोरी मना काय म्हणतील गो?"

"ताई म्हणतील."

"आणि सर? ते माझ्याच वयाचे असले तर? मना काय येत नसेल आणि त्यांनी उभं केलं तर?"

त्या कपाळाने नाक फोडणाऱ्या बाईचा आवाज बारीक झाला होता. मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली बघत होते आणि मला ते सहन झालं नाही. मी शहाण्यासारखं बोलायला लागले. म्हटलं, कशाला उगाच त्या मुलांमध्ये जाऊन बसतेस, बाहेरून परीक्षा दे, घरी बसून अभ्यास कर, कुणाला कळणारही नाही. बोलणं पुरं व्हायच्या आत तिने माझ्या थोबाडीत मारली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सात वर्षं बाहेरूनच बघतेय," ती म्हणाली. "मना बाकावर बसायचंय. कुणाला कळायला नको असं मी काय केलंय?"

मला राग आला. मी दोन आठवडे तिच्याशी बोलले नाही. गाल दुखायचा थांबला त्याच्या बऱ्याच नंतर मला कळलं की मी तिला अण्णापेक्षा वेगळं काही सांगितलं नव्हतं. पंधराव्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला. शिल्लक जागांच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, मूळ कागद दुपारी तीनच्या आत दाखवायचे होते. "ये," एवढंच म्हणाली. मी रजा टाकली आणि गेले.

अण्णा खाटेवर बसून चहा पीत होता. वैजूची आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, थापण्याचा आवाज बाहेर येत होता. वैजू अण्णासमोर उभी राहिली.

"माझा दाखला द्या."

"पुढच्या वर्षी."

"आज शेवटची तारीख हाय, अण्णा."

"मग झालंच. संपली तारीख." त्याने कप खाली ठेवला. "पंचवीस वर्षांची घोडी दप्तर घेऊन जाणार. मना गावात तोंड दाखवायचं हाय. लहान पोरींचा सराव कोण घेणार?"

ती कपाटाकडे वळली. अण्णा उठला. साठीचा माणूस, पण अंगाने अजून दणकट. त्याने तिचे केस धरून तिला मागे ओढलं आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ती सावरून पुन्हा कपाटाकडे गेली. तेव्हा त्याने लाथ मारली. कुठेही मारू शकला असता. त्याने नेमकी ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर मारली. सहा वर्षं मी त्याचा मार बघितला होता, पण हे वेगळं होतं, कारण तो गुडघा कुठे दुखतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

वैजू कोसळली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी परत ऐकू इच्छित नाही. अण्णा दुसरी लाथ मारायला एका पायावर उभा होता, आणि तो पाय तिच्या हाताशी होता. तिने घोटा धरला आणि खेचला. अण्णा मागच्या मागे गेला, त्याचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि तो तिथेच बसला. पांढऱ्या बनियनवर रक्त उतरायला लागलं. आतला भाकऱ्यांचा आवाज थांबला. वैजूची आई दारात आली, दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "मरेल गो तो." वैजू खुरडत त्याच्यापाशी गेली. मला वाटलं, आता ही त्याला संपवते. तिने त्याच्या करगोट्यातून किल्ली सोडवली.

कपाटात सतरा दाखले होते, रबर लावलेले. ती स्वतःचा शोधत बसली नाही. तिने अख्खा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला, ओढणी फाडून अण्णाच्या डोक्याला बांधली आणि मला म्हणाली, "रिक्षा आण."

दवाखान्यात अण्णाला पाच टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने मोरीत घसरलो असं सांगितलं. वैजू त्याच्या खाटेशी उभी होती, गुडघा टम्म सुजला होता. मग अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाला, "पकड चांगली होती." थोड्या वेळाने म्हणाला, "खेचताना कमर उचललीस. चुकलं ते." आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याने परवानगी दिली नाही. कधीच दिली नाही. वैजूने दोन मिनिटं वाट बघितली आणि आम्ही निघालो.

सात वर्षांचा खंड म्हणजे प्रतिज्ञापत्र लागतं. कल्याणला कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या टायपिस्टकडे आम्ही साडेअकराला पोचलो. त्याने मान वर न करता विचारलं, "गॅपचं ना? तयार आहे मजकूर, फक्त नाव सांगा." आणि दोन मिनिटांत कागद वैजूच्या हातात दिला. तिने तो मोठ्याने वाचला. बारावीनंतरच्या सात वर्षांच्या कालावधीत मी घरीच होते. कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला नाही. माझ्याकडून कोणतंही बेकायदेशीर कृत्य घडलेलं नाही.

"हे कुणाचं हाय?" तिने विचारलं.

"तुमचंच की."

"मी घरी नव्हते."

"ताई, सगळे असंच लिहितात. कुणी वाचत नाही हे."

"शपथेवर लिहायचंय ना? मी घरी नव्हते," वैजू म्हणाली. मी घड्याळाकडे बघत होते. तिने त्याच्या टेबलावर हात ठेवला आणि टेबल थोडं हललं. टायपिस्टने नवा कागद चढवला.

मग तिने सांगायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी डावा कोपरा, राज्य स्पर्धा, उजव्या हाताचं बोट पुन्हा मोडलं. दुसऱ्या वर्षी बरगडीला चीर गेली, तशीच उपांत्य सामना खेळले. तिसऱ्या वर्षी दात पडला. चौथ्या वर्षी गळपट्टीचं हाड. पाचव्या वर्षी विठ्ठलवाडीला एका माणसाचं नाक. सहाव्या वर्षी कर्णधार झाले आणि गुडघा गेला. सातव्या वर्षी बावीस मुलींना शिकवलं, त्यांतल्या एकीलाही लागलं नाही. ती एकेका वर्षापाशी थांबून आठवत होती आणि टायपिस्ट टाईप करत होता. मी तिला सहा वर्षं बाकावरून बघितलं होतं, पण सगळं असं एकापाठोपाठ मी कधी ऐकलं नव्हतं. मला तिथे भर रस्त्यात रडू आलं. आंघोळीपर्यंत थांबणं जमलं नाही.

"आता ते शेवटचं, बेकायदेशीर कृत्य नाही, ते असू दे ना?" टायपिस्टने जरा घाबरतच विचारलं.

"नाक फोडलंय ना. आणि आज सकाळी काकाला पाडलंय. तेही लिहा."

टायपिस्टची बोटं हवेत राहिली. आता मात्र मी मध्ये पडले. म्हटलं, वैजूताई, तू मला आत्ता इथे मारलंस तरी चालेल, पण काकाचं लिहायचं नाही. शेजारच्या वकीलबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी मजकूर सुचवला की माझ्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही. वैजूने ते वाक्य तीनदा वाचलं. "हे खरं हाय," म्हणाली आणि सही केली. बाकीचे लोक एक परिच्छेद लिहून घेतात, तिचं प्रतिज्ञापत्र दीड पान झालं.

पावणेतीनला आम्ही कॉलेजच्या खिडकीशी होतो. रांगेत सगळी अठरा वर्षांची मुलं, बरोबर आईवडील. खिडकीतल्या कारकुनाने प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं आणि वाचतच राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली.

"एवढं कशाला लिहिलंत?" तो शेवटी म्हणाला. "घरी होते म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"तुमचं चाललं असतं," वैजू म्हणाली.

त्याने शिक्का मारला. वैजूने पावती घडी करून कमरेला खोचली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. गुडघा तिने दोन्ही हातांनी दाबून धरला. मी पाणी आणून दिलं. ते तिने गुडघ्यावर ओतलं.

उरलेले सोळा दाखले तिने पुढच्या आठवड्यात घरोघरी जाऊन दिले. सहा मुलींनी पुढच्या जूनमध्ये कॉलेजात नाव घातलं, तिघी दुसऱ्या मंडळात गेल्या, दोघींची लग्नं ठरली. अण्णाचा मुलींचा संघ दिवाळीपर्यंत मोडला. मैदानावर आता गाड्या उभ्या असतात. गावातल्या बायका म्हणतात की वैजूने काकावर हात उचलला आणि बापाच्या जागी असलेल्या माणसाचं आयुष्यभराचं काम धुळीला मिळवलं. ते खोटं नाही. तो संघ नसता तर गावातल्या एकाही मुलीने हाफपँट घातली नसती, हेही खोटं नाही. मला ह्यावर काय म्हणावं ते कळत नाही. वैजू आईला घेऊन कोपरीत मावशीकडे राहायला गेली आणि तिथून कॉलेजला यायला लागली.

मी तिला शेवटचं बघितलं ते ती दुसऱ्या वर्षाला असताना. माझी नाशिकला बदली झाली होती, निरोप घ्यायला मी सकाळी तिच्या कॉलेजवर गेले. फाटकाच्या आत मारामारी चालू होती. दोन मुलं, एकाने पट्टा काढलेला, दुसऱ्याच्या तोंडातून रक्त येत होतं. सभोवती तीस-चाळीस जण फोन वर धरून चित्रीकरण करत होते. तेवढ्यात वैजू रिक्षातून उतरली. पाठीवर दप्तर, हातात वही. तिने गर्दीकडे बघितलं आणि थांबली. तिचे खांदे वर आले. मी मनातल्या मनात म्हटलं, संपली ती दोघं, आणि मला जुना आनंद झाला, तो मी नाकारणार नाही.

तिने वॉचमनचा दंड धरला आणि त्याला सरळ गर्दीत ढकललं. "पट्टा काढलाय त्याला मागून धर," असं ओरडली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वही छातीशी धरली आणि जिन्याकडे चालायला लागली. मी हाक मारली, पण गोंगाटात ती तिला ऐकू गेली नाही. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. आजूबाजूने मुलं दोन-दोन पायऱ्या गाळून वर पळत होती. वैजू कठडा धरून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मग पुढच्या पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होती, आणि वर तास सुरू झाल्याची घंटा वाजत होती.